आधी चाकातली माती काढा, मग वजन लावा

गेल्या श्रावणात, उघडीप पडलेल्या एका सकाळी, पावस गावाकडचे एक बागायतदार पिकअप घेऊन रत्नागिरीतल्या माझ्या व्हील बॅलन्सिंगच्या दुकानात आले. गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, "मेस्त्री, ऐंशीला गेली की स्टेअरिंग हातात राहत नाय. टायरॉड एंड बदलून झाले, बुशी बदलल्या. आता म्हणतात स्टेअरिंग बॉक्स बदला."

मी विचारलं, "चाकं उतरवून आतून बघितली काय कुणी?"

ते गप्प झाले. त्यांच्या गप्प राहण्यातच उत्तर होतं.

पुढचं डावं चाक उतरवून पालथं टाकलं. बाहेरच्या बाजूने रिम स्वच्छ धुतलेली होती. आतल्या बाजूला मात्र तांबड्या मातीची एक लादी बसली होती, वीतभर लांब आणि बोटभर जाड. बागेच्या रस्त्याने चढता-उतरता ती थराथराने साठलेली आणि ब्रेकच्या उष्णतेने भाजून निघालेली. स्क्रूड्रायव्हरने निघेना, म्हणून छिन्नी लावली. लादी फुटली तेव्हा आत आंब्याची काळी पडलेली पानं, एक काडी आणि जांभ्याचे दोन खडे सापडले. सगळं गोळा करून शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं. ५२० ग्रॅम भरलं.

चाक धुऊन पुसून बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवलं. तोल साधायला दोन्ही बाजू मिळून ३५ ग्रॅम वजन लागलं. बाकीची तीन चाकंही तशीच साफ करून घेतली. मग हातखंब्यापुढे मोकळ्या काँक्रीटवर गाडी नेली. ऐंशीला स्टेअरिंग एका बोटाने धरता येत होतं. जे सुटे भाग आधी बदलले गेले, त्यातल्या एकाचीही गरज नव्हती.

त्या अर्ध्या किलो मातीचा हिशेब मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, इथेही सांगतो. पिकअपचं किंवा बोलेरोचं चाक एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर अंतर कापतं. ताशी ८० किलोमीटरला ते सेकंदाला दहा वेळा फिरतं. चाकाच्या मध्यापासून सतरा सेंटिमीटरवर अर्धा किलो माती एकाच जागी चिकटली असेल, तर त्या वेगाला ती चाकाला सुमारे ३५ किलोच्या जोराने बाहेर खेचते. तांदळाचा एक कट्टा आणि वर दहा किलो. हा जोर प्रत्येक फेऱ्याला दिशा बदलतो, म्हणजे सेकंदाला दहा वेळा वर, खाली, पुढे, मागे. तो बॉल जॉइंटवर बसतो, बेअरिंगवर बसतो, टायरॉडवर बसतो आणि शेवटी ड्रायव्हरच्या मनगटात येतो. हीच गाडी ४० ने चालवा, तो जोर नऊ किलोच्याही खाली येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

हे आत्ताच लिहावंसं का वाटलं, त्याचं कारण याच आकड्यांत आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला एक तप उलटून गेलं. इतकी वर्षं आपल्या गाड्या खड्ड्यांतून आणि पर्यायी रस्त्यांवरून तीस-चाळीसने रखडत होत्या. त्या वेगाला चाकातल्या मातीचा हिसका कळतच नव्हता, कारण रस्त्याचा हिसका त्याहून मोठा होता. आता काही टप्पे काँक्रीटचे झाले, कशेडीला बोगदा झाला. मोकळा रस्ता दिसला की पिकअपवाला ऐंशी-नव्वद गाठतो. गाडी तीच, चाकं तीच, चाकातली माती तीच, फक्त वेग दुप्पट झाला. गेल्या दोन-तीन वर्षांत "स्टेअरिंग थरथरतं" म्हणत माझ्याकडे येणाऱ्या गाड्या वाढल्या, त्यामागे मला तरी हेच कारण दिसतं. रस्ता सुधारला म्हणून आपण खूश आहोत, आणि व्हायलाच हवं. पण चाकांकडे आपण अजून जुन्या रस्त्याच्याच नजरेने बघतो आहोत.

ऑफ-रोड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रंगीत थार, उंच टायर आणि चिखलात उडवलेले फवारे येतात. रत्नागिरी जिल्ह्यात डांबर सोडून सर्वांत जास्त चालणारी गाडी कुठली, ते कुठल्याही सड्यावर मार्च महिन्यात उभं राहून बघा. आंब्याच्या पेट्या उतरवणारी पिकअप, चिरेखाणीवर ये-जा करणारी जुनी जीप, वरच्या वाडीतून माणसं खाली आणणारी बोलेरो. सकाळी ही गाडी कातळावरून, कलमांच्या मधून, नुसत्या चाकोरीवरून खाली येते. रात्री तीच गाडी हौदाभर पेट्या घेऊन वाशीच्या बाजाराला निघते. तीनशे किलोमीटरांत एकेक चाक जवळजवळ १ लाख ३६ हजार फेरे घेतं. ड्रायव्हर रात्रभर जागा असतो. त्याच्या हातात येणारा प्रत्येक हादरा त्याला थकवतो. एकाच दिवसात एकाच टायरने रानवाट आणि महामार्ग दोन्ही करायचं, ही आपल्या कोकणची खरी अडचण आहे, आणि बॅलन्सिंगचा विचार तिथूनच सुरू व्हायला हवा.

मी हे काम शिकलो कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात. तेव्हा आमच्या उस्तादांकडे फिरतं मशीन नव्हतं. जीपचं पुढचं चाक जॅकवर उचलायचं, ब्रेक ढिला करायचा, बेअरिंग मोकळं आहे ना ते बघायचं आणि चाक हाताने हलकेच फिरवून सोडून द्यायचं. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. वरच्या टोकाला खडूची खूण करायची, पुन्हा फिरवायचं. तीनदा तीच खूण वर आली की तिथे शिशाचं वजन ठोकायचं. वजन बरोबर असेल तर चाक कुठेही सोडा, तिथेच उभं राहतं. पुढे बुडबुड्याचं यंत्र आलं. चाक टोकावर आडवं तोलायचं आणि मधल्या काचेतला बुडबुडा गवंड्याच्या पाणसळीसारखा मधोमध आणायचा.

या दोन्ही पद्धतींना कुणी हसू नये. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली, तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं जीपला सोळा इंची रिमवरचा अरुंद टायर असायचा. अरुंद टायरला एवढा तोल पुरतो. टायर रुंद झाला की वेगळं दुखणं सुरू होतं. जड जागा आतल्या कडेला एका बाजूस आणि बाहेरच्या कडेला नेमकी समोरच्या बाजूस असली, तर चाक उभं तोललेलं दिसतं आणि फिरायला लागलं की डावी-उजवीकडे डोलतं. हे दुखणं उभ्या चाकात दिसतच नाही. त्याला फिरतं मशीनच हवं, जे आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी मोजतं. आजच्या बोलेरोला, थारला, पिकअपला मशीनशिवाय पर्याय नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

पण मशीन आलं म्हणून तोल आला, असंही नाही. मशीनच्या दांड्यावर चाक मधोमध बसलं नसेल, तर पडद्यावरचा आकडा खोटा असतो. डांबरावरच्या कारची रिम मधल्या भोकाच्या आधाराने नीट बसते. जुन्या जीपची, कातळावर आपटलेली रिम तशी बसेलच असं नाही. तिचं भोक गंजलेलं असतं, कड दबलेली असते, आणि ती गाडीवर बसते ती नटांच्या आधाराने. अशी रिम नुसत्या शंकूवर कसली की थोडी बाजूला बसते. यावर एक परीक्षा आहे आणि ती मी रोज वापरतो. चाक एकदा फिरवून आकडा घ्यायचा. मग चाक सोडवायचं, दांड्यावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसायचं आणि पुन्हा आकडा घ्यायचा. आकडा आणि जागा तीच आली तर मशीनवर विश्वास ठेवायचा. बदलली, तर वजन लावायचंच नाही. आधी भोक घासून साफ करायचं, नाहीतर नटांच्या भोकांत बसणारी प्लेट लावायची. याला पाच मिनिटं जास्त लागतात. ती पाच मिनिटं ग्राहकाने मागून घ्यावीत, तो त्याचा हक्क आहे.

वजनं कुठली लावावीत यावरही सांगायला हवं. लोखंडी रिमच्या कडेला ठोकायचं वजन घट्ट बसतं, पण पाखाडीला किंवा दगडाला घासलं की उडून जातं. आतून चिकटवायचं वजन दगडापासून वाचतं, मात्र रिम ओली, तेलकट किंवा मातकट असली तर दोन दिवसांत सुटतं. जागा थिनरने पुसून, कोरडी करून, अंगठ्याने दाबून बसवलं तर ते पावसाळा काढतं. शिशाची वजनं मी बंद केली. युरोपात २००५ पासून गाड्यांच्या चाकांना शिसं चालत नाही. आपल्याकडे उडालेलं वजन पऱ्ह्यात जातं, पऱ्ह्याचं पाणी विहिरीत जातं. जस्ताची आणि लोखंडाची वजनं मिळतात, तीच घ्यावीत.

मोठ्या बटणांच्या मड टायरला कधीकधी शंभर-दीडशे ग्रॅमच्या वर वजन मागितलं जातं. असं झालं की मी वजन लावत नाही. टायरची हवा सोडतो, रिमवर टायर अर्धा फेरा फिरवतो आणि पुन्हा मोजतो. टायरची जड बाजू आणि रिमची जड बाजू एकत्र आलेल्या असतात, त्या समोरासमोर गेल्या की मागणी निम्म्यावर येते. पुष्कळ नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो. तिथे टायर सर्वांत हलका असतो. तो ठिपका वॉल्व्हपाशी आणून टायर बसवला, तर पुढचं अर्धं काम वाचतं. नवा टायर बसवताना समोर उभं राहून एवढं बघायला काहीच हरकत नाही.

अलीकडे शौकीन मंडळी टायरच्या आत काचेचे किंवा सिरॅमिकचे बारीक मणी घालायला सांगतात. कल्पना खोटी नाही. चाकाने पुरेसा वेग घेतला की सुटे मणी जड जागेच्या समोर जाऊन बसतात आणि तोल साधतात. दगडाला घासून उडायला बाहेर वजनच नसतं. कोरड्या मुलखात, लांब पल्ल्याच्या ट्रकला हे चालतं. रत्नागिरीत मी ते कुणालाही सुचवत नाही. जुलै महिन्यात आमच्या हवेच्या टाकीचा खालचा कॉक रोज सकाळी उघडला की तांब्याभर पाणी निघतं. ज्याने तो कॉक आठवडाभर उघडला नाही, त्याच्याकडची हवा टायरमध्ये पाणीच घेऊन जाते. ओल लागली की मण्यांचा गोळा होतो, आणि तो गोळा म्हणजे बाहेर काढलेला चिखल पुन्हा आत भरल्यासारखंच. पंक्चरसाठी ओततात त्या द्रवाचंही तसंच. गाडी रात्रभर उभी राहिली की द्रव खाली साचतो आणि सकाळी निघताना गाडी लंगडते.

घाटावरचा शेतकरी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये मुद्दाम पाणी भरतो, जमिनीवर पकड यावी म्हणून. त्या टायरचं बॅलन्सिंग कुणी करत नाही आणि करायची गरजही नाही, कारण तो सावकाश चालतो. वाळूजला बाळकृष्ण इंडस्ट्रीजच्या कारखान्यात शेतीचे आणि खाणकामाचे टायर बनतात आणि जगभर जातात. त्या जातीच्या टायरचं बहुतेक आयुष्य कमी वेगाच्या कामात जातं. तेव्हा मी सरसकट सगळ्यांना बॅलन्सिंग करा म्हणत नाही. चिरेखाणीतच फिरणाऱ्या आणि तीसच्या वर कधी न जाणाऱ्या जीपच्या मालकाला मी परत पाठवतो. रानातून थेट महामार्गावर जाणाऱ्या गाडीला मात्र ते टाळता येणार नाही.

हवा कमी करून चालवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. चिखलात किंवा वाळूत पकड यावी म्हणून हवा उतरवतात, ते बरोबर आहे. पण कमी हवेत जोरात ब्रेक मारला किंवा चाक अडकून झटका बसला, की टायर रिमवर सरकतो. टायर सरकला की वजनांच्या जागा चुकल्या. टायर आणि रिम यांच्यावरून आडवी एक खडूची रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की पुन्हा तोल करून घ्या. आणि आरे-वारे, भाट्ये, गुहागरला गाडी वाळूत घालणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की घालू नका. खाऱ्या वाळूने रिमची कड आतून कुरतडली जाते, मग तिथे ना वजन बसत, ना हवा टिकत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात. वेळासच्या लोकांनी ती जपायला किती रात्री जागून काढल्या आहेत! ती जागा चाकांची नाही.

थरथर म्हणजे बॅलन्सिंगच, असं मात्र धरून चालू नये. ठरावीक वेगाला, साधारण सत्तर ते नव्वदच्या मध्ये, स्टेअरिंग थरथरत असेल तर पुढची चाकं बघा. सीट आणि हौदा थरथरत असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर डिस्क किंवा ड्रम. चाक उचलून फिरवा आणि रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरा. खडू काही ठिकाणी लागला आणि काही ठिकाणी नाही, तर रिम वाकलेली आहे. वाकलेल्या रिमवर कितीही वजन ठोका, ती गोल होणार नाही. जुन्या जीपला पुढे अख्खा अ‍ॅक्सल असतो. तिच्या किंगपिना ढिल्या असतील तर एका खड्ड्यानंतर दोन्ही चाकं अशी झडझडतात की गाडी थांबवावीच लागते. तिथे आधी किंगपिन, मग बाकीचं. दुखण्याचा शोध स्वस्तापासून महागाकडे जावा एवढंच माझं म्हणणं आहे. पाणी फुकट आहे, तिथून सुरुवात करा. मग मशीन. सुटे भाग सगळ्यांत शेवटी.

माझ्या धंद्यातल्या भावांनाही थोडं बोलायचं आहे. मातीने भरलेलं चाक मशीनवर चढवून वजन ठोकणं ही फसवणूक आहे, मग ती घाईने झालेली का असेना. आपण मातीचा तोल करतो. पुढच्या पावसात ती माती अर्धी गळून पडते आणि आपणच लावलेलं वजन गाडीला हादरवायला लागतं. ग्राहक दुसरीकडे जातो, तिथे त्याला सुटे भाग बदलायला लावतात. बोर्डवर दर लिहितो त्याच्याच खाली लिहावं, की धुतल्याशिवाय चाक मशीनवर चढणार नाही. माझ्याकडे ते लिहिलेलं आहे. सुरुवातीला चार ग्राहक परत गेले, त्यातले तीन पुन्हा आले. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकणाऱ्या पोरांच्या हातीही सड्यावरून उतरलेलं, मातीने लिंपलेलं एक चाक द्यावं. त्यांना उद्या रत्नागिरीत हीच चाकं भेटणार आहेत. कुणी शिक्षक मागतील तर मी माझ्या खर्चाने आणून देईन.

बागायतदारांनी हंगाम सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीत, पाचही चाकं उतरवून घ्यावीत. पाचवं म्हणजे स्टेपनी, कारण रात्री दोन वाजता घाटात तीच लावायची वेळ येते. पावसाळ्यात रोज रानात जाणाऱ्यांनी महामार्गाला लागण्याआधी पाण्याचा जोरदार फवारा चाकांच्या आतल्या बाजूला मारावा, माती ओली असतानाच. वॉशिंगवाल्याला स्पष्ट सांगा, आतून मार. तो बाहेरून मारतो, कारण बाहेरचंच मालकाला दिसतं.

येत्या रविवारी एवढं करा. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. इंजिन थंड असू द्या, ब्रेक थंड असू द्या. स्टेअरिंग पूर्ण वळवा म्हणजे पुढच्या चाकाची आतली बाजू उघडी पडेल. गाडीखाली शिरू नका, बाजूला बसूनच हात आत घाला आणि रिमच्या आतून बोटं फिरवा. जे हाताला लागेल ते काढा आणि घरच्या काट्यावर तोला. शंभर ग्रॅमच्या वर भरलं तर सोमवारी जवळच्या कुठल्याही दुकानात जा, माझ्याकडेच या असं नाही. चाक धुऊनच मशीनवर चढवायला सांगा, आणि ते चढेपर्यंत समोर उभे राहा.